इरुळप्पनचं मत

इरुळप्पनच्या हातचं कुलूप कधी परत आलं, असं आमच्या दिंडीगुलात कोणाला आठवत नाही. किल्ल्याच्या खडकाखाली कुलूपवाल्यांची गल्ली आहे, तिच्या टोकाला त्याचं दुकान. कुलपाला लोखंडाची पेटी, आत पितळेच्या पट्ट्या, हाताने घासून काढलेली किल्ली. कुलूप तयार झालं की तो डोळे मिटून किल्ली फिरवायचा आणि नुसता आवाज ऐकायचा. आवाजात केसाएवढा फरक आला तरी कुलूप पुन्हा उघडून बसायचा. गिऱ्हाईक कंटाळून म्हणायचं, "चालतंय की हो." तो म्हणायचा, "चालतंय, पण खोटं बोलतंय."

अशा माणसाच्या शब्दाला गावात वजन असतं. इरुळप्पनने ते सगळं वजन तीस वर्षं एकाच माणसामागे उभं केलं. तो माणूस म्हणजे नट अरुळमणी.

सुरुवात झाली ती 'कोट्टैच्या किल्ल्या', म्हणजे गडाच्या किल्ल्या, नावाच्या चित्रपटापासून. इरुळप्पन तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्या चित्रपटात अरुळमणी कुलूपवाल्याचा मुलगा होतो आणि जमीनदाराची तिजोरी उघडून गावाची कागदपत्रं बाहेर काढतो. पडद्यावर आपल्या धंद्याचा माणूस पाहायला आमची सगळी गल्ली लोटली. म्हातारे कारागीर मात्र बाहेर येताना हसत होते. अरुळमणीने कानस सुरीसारखी मुठीत धरली होती, तशी धरली तर पहिल्याच घासाला बोटं सोलून निघतील. इरुळप्पन त्यांना म्हणाला, "पूर्वी तशीच धरायचे." कोणी धरायचं नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण त्याने ते म्हटलं, आणि म्हणता म्हणता त्याला ते खरं वाटायला लागलं.

पुढे अरुळमणीच्या चाहत्यांचं मंडळ निघालं आणि इरुळप्पन त्याचा सचिव झाला. अरुळमणीला ही मंडळी नावाने हाक मारत नसत. तलैवर म्हणत, म्हणजे आपला पुढारी. तलैवरचा नवा चित्रपट लागायचा त्या दिवशी दुकान बंद. दुसऱ्या दिवशी लोक कुलूप बघायच्या निमित्ताने यायचे आणि विचारायचे, "कसा आहे?" उत्तर आधीच ठरलेलं असायचं. चित्रपट चालला तर तलैवरमुळे. पडला तर दिग्दर्शकाने माती केली, नाहीतर लोकांना समजायला अजून दहा वर्षं लागतील.

दुसरीकडे नट सेल्वेंद्रन होता. त्याचं मंडळ सौंदरपांडी चालवायचा. बसस्टँडसमोर त्याचा चहाचा गाडा. इरुळप्पन आणि तो एकाच शाळेत, एकाच बाकावर बसलेले. पण मंडळं निघाली आणि इरुळप्पनने त्या गाड्यावरचा चहा सोडला. सेल्वेंद्रनचा चित्रपट पाहणं तर दूरच, त्याचं पोस्टर असलेल्या भिंतीच्या कडेने तो सायकल नेत नसे.

त्र्याऐंशी सालच्या पोंगलला दोघांचे चित्रपट एकाच दिवशी लागले. सेल्वेंद्रनचा होता 'उत्तरेची खिडकी', राजरत्नम टॉकीजला. इरुळप्पनने आपल्या तलैवरचा पहिला खेळ पाहिला. तो काही रंगला नव्हता. मध्यंतरात पोरं शिट्ट्या वाजवत होती, पण उगाच, वाजवायच्या म्हणून. इरुळप्पनच्या कानाला तो फरक कळला होता. कुलपात जसा कळायचा तसाच कळला होता. तो बाहेर पडला, सायकलवर बसला आणि थेट राजरत्नम टॉकीजच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. दुसऱ्या खेळाची रांग लागली होती. बायकापोरं होती, सणाचे नवे कपडे घातलेली.

"काय हो, कुठे निघालात?" तो ओळखीच्यांना म्हणाला. "आत मध्यंतरालाच निम्मी माणसं झोपलीत. रडारड आहे नुसती. सणाच्या दिवशी कशाला?"

"तुम्ही पाहिलात?" एकाने विचारलं.

"पाहूनच येतोय."

कुलपाची हमी देणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर रांगेतली माणसं पाठीमागे वळली. तो दुसऱ्या दिवशीही आला, तिसऱ्या दिवशीही. मंडळातली पोरं गावभर तेच बोलत फिरली. नवव्या दिवशी राजरत्नम टॉकीजने 'उत्तरेची खिडकी' उतरवला. मंडळाने त्या दिवशी चौकात लाडू वाटले.

इरुळप्पनची बायको पेच्चियम्माळ. घरात ती पेच्ची. नत्तमकडची मुलगी, कमी बोलणारी. घराच्या भिंतीवर लग्नाचा फोटो होता त्याच्या दुप्पट तलैवरचा होता. मंडळाची माणसं वेळीअवेळी यायची, त्यांना ती इडली वाढायची, कॉफी द्यायची. कुठला चित्रपट कसा आहे यावर ओसरीत तासन्‌तास वाद व्हायचे. पेच्ची आत कुळंबूची आमटी ढवळत असायची. तिला काय आवडतं, हे विचारायचं कोणाच्या मनात आलं नाही. इरुळप्पनच्याही नाही. त्याची समजूत होती की जे त्याला आवडतं तेच तिला आवडतं, जसं दोघांचं मीठ एकाच डब्यातलं.

मुलगी लग्न होऊन कोइंबतूरला गेली. त्यानंतर चार-पाच वर्षांनी पेच्चीला दिव्यांभोवती कडं दिसायला लागलं. तिने ते कोणाला सांगितलं नाही. चुलीशी हात भाजायला लागला तेव्हा इरुळप्पन तिला मदुरैला घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू, आणि फार पुढे गेलाय. दोन वर्षांत उरलासुरला उजेडाचा कवडसाही गेला.

इरुळप्पन स्वयंपाक शिकला. तिचे केस विंचरायला शिकला. ती ओसरीत बसून लसूण सोलायची, शेंगा निवडायची, आणि बोटांनी घर ओळखायची. तक्रार तिने केली नाही. एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर टीव्ही चालू होता. एका चित्रपटाची सुरुवातीची धून वाजली आणि पेच्चीचे हात थांबले.

"अहो, हा 'उत्तरेची खिडकी' आहे," ती म्हणाली.

इरुळप्पनने पाहिलं. पडद्यावर रेल्वेचं फाटक होतं आणि सेल्वेंद्रन हिरवा झेंडा घेऊन उभा होता. त्याने बटणाकडे हात नेला.

"राहू द्या. मला ऐकायचाय." मग थोड्या वेळाने, "नुसतं ऐकून कळत नाही. काय चाललंय ते सांगाल?"

तिने त्याच्याकडे काही मागितलं असं क्वचितच झालं होतं. तो खुर्ची ओढून बसला.

"हा फाटकवाला झालाय," तो म्हणाला. "तोंड बघ कसं केलंय, पोट दुखत असल्यासारखं. विग पण धड नाही."

"तुम्हाला काय वाटतं ते नको. काय दिसतंय ते सांगा."

असं त्याला कोणी कधी म्हटलं नव्हतं. काय दिसतंय ते सांगायचं तर आधी बघायला लागतं. तो बघायला लागला.

"घर आहे. फाटकाजवळचं. आत एक बाई बसलीय, याची थोरली बहीण असावी. विधवा आहे. सूप घेऊन तांदूळ निवडतेय."

"हं."

"हा दारात उभा राहून बोलतोय. लग्न करणार म्हणतोय, शहरात जाणार म्हणतोय."

"ते ऐकू येतंय मला. ती काय करतेय?"

"काही नाही. तांदूळ निवडतेय."

"बघा ना नीट."

तो पुढे वाकला. चाळीस वर्षं पितळेची पट्टी बघत आलेले त्याचे डोळे होते. "खडे काढून बाजूला टाकतेय. त्याच्याकडे बघत नाही. तो म्हणाला, तू इथेच राहा, पैसे पाठवत जाईन. आता तिचा हात थांबला. परत चालू झाला. आणि..." तो अडखळला. "तिने निवडलेल्या तांदळातला एक दाणा उचलला आणि न निवडलेल्यात परत टाकला."

"तेच," पेच्ची म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तेच ते. मला वाटलं होतं, मला चुकीचं आठवतंय."

"तू कधी पाहिलास हा?"

"लागला होता तेव्हा. दुपारच्या खेळाला. चार वेळा."

"चार वेळा?" तो म्हणाला. "नऊ दिवसांत?"

"नऊच दिवस होता ना."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं कुठे?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. "त्या दिवशी लाडू घेऊन आलात घरी. मी देवापुढे ठेवला आणि मुंग्यांनी खाल्ला."

पुढचा दीड तास तो सांगत राहिला. शेवटाकडे त्याला सांगता येईना. पेच्ची म्हणाली, "असू द्या, पुढचं मला माहीत आहे," आणि तिनेच त्याला सांगितलं.

त्या आठवड्यात त्याचं कामात लक्ष लागलं नाही. सहाव्या दिवशी तो बसस्टँडसमोर गेला. सौंदरपांडीचा गाडा आता पत्र्याचं दुकान झाला होता. केस पांढरे झालेला सौंदरपांडी त्याच्याकडे बघत राहिला.

"काय रे इरुळप्पा, रस्ता चुकलास?"

"चहा दे."

सौंदरपांडीने चहा दिला. इरुळप्पनने घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. "'उत्तरेची खिडकी' पाहिला. रविवारी टीव्हीवर."

"मग?"

"चांगला आहे. फार चांगला आहे. तेव्हा मी न पाहता बोललो होतो."

सौंदरपांडी फडक्याने फळी पुसत राहिला. "मला माहीत होतं. पहिल्या खेळाला आत मी होतो, तू नव्हतास." मग तो म्हणाला, "हे तू मला सांगतोयस, या चार माणसांच्या दुकानात, चोवीस वर्षांनी. याचं मी काय करू? डोक्याला लावू? खोटं बोललास ते फाटकाशी उभं राहून बोललास. खरं पण तिथे जाऊन बोल."

इरुळप्पनने उरलेला चहा संपवला.

"आणि एक सांगतो," सौंदरपांडी म्हणाला. "तुझी बायको बायकांच्या बाजूला बसलेली मी चारही वेळा बघितली. आमच्या पोरांना कळलं असतं तर गावभर बोंब झाली असती, सचिवाची बायको आमच्याकडे येते म्हणून. भिंती रंगवल्या असत्या. मी कोणाला बोललो नाही."

"का?"

"पदराचं टोक तोंडात धरून रडत होती रे. तिच्यावर कसली घोषणा द्यायची?"

राजरत्नम टॉकीज तोवर पाडून तिथे मंगल कार्यालय झालं होतं. फाटक तेवढं जुनंच होतं. दीड महिन्याने त्याच कार्यालयात अरुळमणीच्या मंडळाचा मेळावा ठरला. मंडळ आता ज्ञानवेलच्या हातात होतं. चाळिशीचा, रंगाच्या दुकानाचा मालक, मनाने वाईट नव्हे. तो स्वतः बोलवायला आला. "अण्णा, तुम्ही पहिले सचिव. तुम्ही बोलायचं. तलैवरचा नवा चित्रपट लोकांना जड जातोय म्हणतात, तुम्ही चार शब्द सांगितलेत तर फरक पडेल."

"आधी पाहतो," इरुळप्पन म्हणाला.

ज्ञानवेलला ते गमतीचं वाटलं. "पाहा हो, पाहा. पण बोलायचं काय ते तर ठरलेलंच आहे."

इरुळप्पन पेच्चीला घेऊन गेला. दुपारचा खेळ, थिएटर निम्मं रिकामं. तो तिच्या कानाशी हळू आवाजात सांगत होता. तलैवर चालतोय. तलैवर वळतोय, चष्मा काढतोय. वीस माणसं उडून पडली. तलैवर परत चालतोय. तासाभराने तो बोलायचा थांबला.

"काय झालं?" पेच्चीने विचारलं.

"सांगण्यासारखं काही नाही," तो म्हणाला. हे बोलताना त्याला घरातलं कोणी गेल्यासारखं वाटलं. पडद्यावरचा माणूस पासष्ट वर्षांचा होता, दमला होता, आणि कोणीतरी त्याला धावायला लावत होतं. इरुळप्पनला त्याची दया आली. तीस वर्षांत त्याच्याबद्दल दया कधी वाटली नव्हती, आणि ती वाटली तेव्हा तो माणूस पहिल्यांदाच जवळचा वाटला.

मेळाव्याला तीनशे माणसं होती. व्यासपीठामागच्या फलकावर तलैवरच्या पायाशी कोपऱ्यात इरुळप्पनचाही फोटो होता. तो उभा राहिला तेव्हा टाळ्या पडल्या.

"मला भाषण येत नाही," तो म्हणाला. "त्र्याऐंशीच्या पोंगलला या बाहेरच्या फाटकाशी उभं राहून मी लोकांना सांगितलं, की सेल्वेंद्रनचा चित्रपट टाकाऊ आहे. मी तो पाहिला नव्हता. तो चांगला होता. गावातल्या पुष्कळ लोकांचा तो माझ्यामुळे बघायचा राहिला."

आधी कोणाला समजलंच नाही. मग पाठीमागून कुजबुज उठली.

"आणि नवा चित्रपट मी परवा पाहिला. तो चांगला नाही. तलैवर थकलेत. त्यांच्यावर आपलं खरंच प्रेम असेल तर कोणीतरी त्यांना..."

ज्ञानवेलने त्याच्या हातातून माइक काढून घेतला, पण हलक्या हाताने, म्हाताऱ्याच्या हातातून पेला घ्यावा तसा. "अण्णांच्या घरी आजारपण आहे," तो लोकांना म्हणाला. "दोन वर्षं झोप नाही त्यांना. आपण समजून घेऊ." कोणीतरी ओरडलं, "किती घेतलेस रे त्यांच्याकडून?" इरुळप्पन पायऱ्या उतरला. वाट देताना माणसं बाजूला सरली, आणि ज्यांना त्याने पेच्चीच्या हातची इडली खाऊ घातली होती त्यांनी दुसरीकडे तोंड फिरवलं.

सकाळी दुकानाच्या फळ्यांवर डांबराने 'द्रोही' लिहिलेलं होतं. त्याने रॉकेल आणि चिंधी घेऊन पुसलं. डांबर गेलं, अक्षरं अंधूक राहिली. फलकावरून त्याचा फोटो उतरला. मंडळातलं कोणी पुन्हा ओसरीवर आलं नाही. रस्त्यात ज्ञानवेल दिसला की नमस्कार मात्र करायचा.

इरुळप्पनला वाईट वाटलं नाही असं नाही. संध्याकाळी ओसरीवर बसला की त्याचे कान रस्त्याकडे असायचे. तीस वर्षं ज्या माणसांनी घर भरलं होतं, त्यांच्याशी आपलं दुसरं काही नातंच नव्हतं, हे आता दिसत होतं.

एकदा तो पेच्चीला म्हणाला, "तुझ्या सेल्वेंद्रनपायी झालं सगळं." हसत म्हणाला, पण बोचरं.

"माझा कुठला सेल्वेंद्रन?" पेच्ची म्हणाली. "मला तो आवडत नाही फारसा. तोंड पोट दुखल्यासारखंच करतो."

"मग चार वेळा कोणासाठी गेलीस?"

"कनगवल्लीसाठी."

"कोण कनगवल्ली?"

"तांदूळ निवडणारी," पेच्ची म्हणाली. "तुमच्या तलैवरची आई पण तीच असते की. वहिनी असते. एकात भिकारीण होती. तुम्ही 'कोट्टैच्या किल्ल्या' एक्केचाळीस वेळा पाहिलात ना, त्यातही आहे ती."

इरुळप्पनने आठवून पाहिलं. त्या चित्रपटातली सगळी वाक्यं त्याला पाठ होती. बाई एकही आठवेना. पुढे तो टीव्हीवर लागला तेव्हा तो जवळ जाऊन बसला. कचेरीच्या प्रसंगात तलैवर जमीनदाराला सुनावतो, त्या वाक्यांवर एके काळी थिएटरात नाणी उधळली जायची. त्याच्या खांद्यामागे एक बाई उभी होती. सगळी माणसं तलैवरच्या तोंडाकडे बघत होती. ती एकटी त्याच्या पायांकडे बघत होती, कारण आधीच्या प्रसंगात तो काट्यांतून धावत आला होता.

"पायांकडे बघतेय," तो पेच्चीला म्हणाला.

"हो," पेच्ची म्हणाली. "आई आहे ना."

दुसऱ्या दिवशी तो सौंदरपांडीकडे गेला. "कनगवल्ली माहीत आहे?" सौंदरपांडीला माहीत नव्हती. सेल्वेंद्रनचे बावन्न चित्रपट सालासकट सांगणारा माणूस, पण त्या बाईचं नाव त्याने ऐकलं नव्हतं. ती हयात आहे का, कुठली, कोणालाच सांगता येईना. तिचं मंडळ कुठेच नव्हतं.

मग दोघांनी यादी करायला घेतली. दर रविवारी दुपारी सौंदरपांडी दुकान मुलावर टाकून इरुळप्पनच्या ओसरीवर यायचा. एका वहीत एका बाजूला अरुळमणीचे चित्रपट, दुसऱ्या बाजूला सेल्वेंद्रनचे, आणि प्रत्येकात कनगवल्ली काय झाली होती ते. भांडणं व्हायचीच.

"तुमच्यात तिला कामच काय होतं? आरती ओवाळायचं."

"आणि तुमच्यात? खोकत मरायचं."

पेच्ची लसूण सोलत मध्येच म्हणायची, "त्यात ती नव्हती, ती दुसरी," आणि दोघं निमूट खोडायचे. वर्षभरात अरुळमणीकडे अठरा झाले, सेल्वेंद्रनकडे सोळा.

"झालं," सौंदरपांडी एक दिवस वही मिटत म्हणाला. "चौतीस."

"एक राहिला," पेच्ची म्हणाली. "ज्यात ती बसची वाट बघते. सबंध चित्रपट वाट बघते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "कोणाचा?" इरुळप्पनने विचारलं.

"कोणाचाच नाही. तिचाच. दोन दिवस लागला होता. थिएटरात आम्ही सहा बायका होतो."

त्यात अरुळमणी नव्हता, सेल्वेंद्रन नव्हता. म्हणून दोघांनी तो पाहिला नव्हता, आणि असा काही चित्रपट होता हेही त्यांना ठाऊक नव्हतं. सौंदरपांडीने वही पुन्हा उघडली, पण दोन्ही बाजू भरलेल्या होत्या, कुठे लिहायचं ते त्याला कळेना.

"सांग," इरुळप्पन म्हणाला. "काय दिसतं ते सांग."

पेच्चीने सालं बाजूला सारली, हात पदराला पुसले आणि सांगायला लागली. पहाट असते. थांब्यावर एक बाकडं असतं, त्याचा एक पाय मोडलेला असतो, आणि ती येऊन त्याच्या चांगल्या टोकाला बसत नाही, ते दुसऱ्या कोणासाठी ठेवते.